कौलानं निवडलेली धावपट्टी

विमान शिकायला मी बसनं गेले. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं हसण्यासारखं फार काही नाही.

त्या दिवशी आमच्या खळ्यात, दारच्या अंगणात, सगळा वाडा जमला होता. बापूकाका, म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, नारळ हातात धरून देवाला गाऱ्हाणं घालत होते आणि दर वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणत होते. गाऱ्हाणं संपता संपत नव्हतं, कारण त्यात देवाला सांगायचं थोडं आणि शेजाऱ्यांना ऐकवायचं जास्त होतं. 'मोठ्या शहरातल्या मोठ्या विमानतळार आमचा चेडू शिकाक जाता' हे तर त्यांनी देवाला तीनदा सांगितलं, जणू देव बहिरा आहे. तेवढ्यात सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर झालेल्या आमच्या नव्या विमानतळावरून एक विमान उठलं आणि कौलांवरून धडधडत गेलं. सगळ्यांनी माना वर केल्या. मग कुणीतरी ठरलेलं वाक्य टाकलंच: "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" माझी म्हापशाची बस चुकायची वेळ आली होती, तरी लोक पोट धरून हसले.

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आज एकदाच, नीट, जाहीर उत्तर देते. पेडण्याच्या लोकांनो, धावपट्टी म्हणजे गावची तळी नव्हे, वाटलं की कुणीही उडी मारावी अशी. मी निघाले तेव्हा तिथं विमान शिकवणारी शाळा नव्हती. शाळा असती तरी मी गेले नसते, कारण जिथं मोठी विमानं एकामागून एक उतरतात तिथं शिकाऊ पोरीच्या दोन सीटच्या विमानाला कुणी कुत्रं विचारत नाही. हे मला तेव्हाच माहीत होतं. मी घरात सांगितलंही होतं. ऐकतो कोण!

माझ्यासमोर दोन जागा होत्या. एक बापूकाकांच्या डोक्यात भरलेलं ते मोठं शहर. दुसरी सपाट कोरड्या मुलखातली एक धावपट्टी, जिथं दिवसाकाठी एखाददुसरं मोठं विमान यायचं आणि बाकी सगळं आकाश शिकणाऱ्यांचं. तिथं शिकलेल्या एका मुलीला मी फोन करून करून छळलं होतं. ती म्हणाली, "गाव टाकाऊ आहे, पाणी जड आहे, डास घोड्याएवढे आहेत. पण उडायला मिळतं." मला एवढंच हवं होतं.

पैसा होता जमिनीचा. सड्यावरची आमची काजूची बाग विमानतळाला गेली, त्याचे जे आले ते बापूकाकांच्या नावावर ठेवलेले, घर एकत्र म्हणून. त्यात एक लायसन्स निघालं असतं, दुसऱ्यांदा प्रयत्न करण्यापुरतं काही उरलं नसतं. बाबा डिचोलीला खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. खाणी बंद पडल्या तेव्हापासून मिळेल त्याची गाडी चालवत होते. म्हणजे चुकलं तर सावरायला मागं कुणी नव्हतं. जागा निवडणं हाच सगळा खेळ होता.

बाबा कधी नव्हे ते गोंधळले. बापूकाका म्हणाले, "भांडताव कित्याक? देवाक विचारूया." झालं.

माझ्याबरोबर उडणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना कौल म्हणजे छपरावरचंच ठाऊक असतं. आमच्याकडे गुरव ओल्या पाकळ्या देवाच्या मूर्तीला डाव्या-उजव्या अंगाला चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, शेत, कोर्टाचा दावा, सगळं आम्ही असंच ठरवतो. मी देवाला नावं ठेवत नाही. देव बिचारा विचाराल त्याचं उत्तर देतो. प्रश्न कोण विचारतं हे बघायला पाहिजे होतं, आणि प्रश्न सांगितला बापूकाकांनी: "मोठ्या शहरात धाडल्यार पोरीचा बरा होयत मां?"

उजवी पडली.

मी म्हटलं, आता दुसऱ्या जागेचं विचारा. गुरवानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गाभाऱ्यात चपला घालून आलेय. बापूकाका म्हणाले, "उजवी गावल्यार परत विचारूचा नसता. देव कोपता." आणि तांब्यातलं तीर्थ माझ्या हातावर ओतून विषय संपवला. दुसऱ्या धावपट्टीचं नावसुद्धा देवाच्या कानावर गेलं नाही. ह्याला कौल म्हणतात? ह्याला आपलं घोडं पुढं दामटणं म्हणतात.

मग ते मोठं शहर. आता गाव सोडून बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही ऐका, तुम्हाला कळेल. मला शिकवणी पहाटे असायची, कारण दिवसा शिकाऊ विमानाला जागाच नाही. हॉस्टेलपासून विमानतळापर्यंतचा रस्ता अंधारातही तुंबलेला असायचा. रिक्षावाल्याच्या मागं बसून मी घड्याळ बघायची. उशीर झाला की स्लॉट गेला. वेळेत पोचले, तपासणी केली, इंजिन चालू केलं, की पैसे मोजणारं मीटरही तिथंच चालू व्हायचं. मग धावपट्टीच्या तोंडाशी थांबा. पुढं एक जेट. त्यानंतर उतरणारं दुसरं. मोठं विमान गेलं की त्याच्या मागची हवा घुसळलेली असते, म्हणून आणखी थांबा. टॉवरमधला माणूस गोड आवाजात 'होल्ड पोझिशन' म्हणायचा. त्याचं काही चुकत नव्हतं, शेकडो माणसं बसलेलं विमान सोडून तो मला कशाला पुढं काढेल? पण मी तिथं पंखा फिरवत बसलेली, आणि टाकीतून पेट्रोल नव्हे, आमची काजूची झाडं जळत होती. एकेक झाड मला ओळखीचं होतं.

उतरायला शिकायचं तर पुन्हा पुन्हा उतरावं लागतं. दुसरा मार्ग नाही. आणि मला तासाभरात धड दोनदा उतरायला मिळेना. एका सकाळी तर रांगेत उभं राहून, चाक जमिनीवरून न उचलता, आम्ही परत फिरलो. तरी तासाचे पैसे लागले. त्या दिवशी मी रडले नाही. मला इतका संताप आला होता की रडायला फुरसत नव्हती.

मी बापूकाकांना फोन केला. म्हटलं, ही जागा सोडते, दुसरीकडं जाते, उरलेले पैसे तिकडं भरा.

"देवान सांगलेला मोडतलंस?"

"देवाला तुम्ही अर्धंच विचारलं."

"जीभ चुरचुर चलता तुजी. धीर धर, सायली. मोठी जागा म्हटल्यार रांग असतलीच. मोठ्या डॉक्टराकडे नसता?"

डॉक्टरच्या रांगेत बसल्याचे पैसे लागत नाहीत हो काका! असं मी ओरडले तेव्हा हॉस्टेलच्या चार खोल्यांची दारं उघडली. काकांनी फोन ठेवला. कौल मोडून एक पैसा देणार नाही, हा निरोप आईकडून आला. पाठोपाठ वाड्याची मतंही आली. पोर शहरात जाऊन बिघडली. पोरीला जमत नाही म्हणून विमानतळाला दोष देते. नाचता येईना अंगण वाकडं. उचलली जीभ लावली टाळ्याला. ह्यातल्या एकानं तरी आयुष्यात विमानाचं दार उघडलं होतं काय?

बाबांचा फोन दोन दिवसांनी आला. ते फार बोलत नाहीत. त्यांनी दुसऱ्या जागेचं विचारलं, "थंय खरीच रांग नाय?"

मी म्हटलं, "नाही बाबा. तिथं उडायला मिळतं."

"मगे तू थंय जा. हयचा मी बघतंय."

काय बघणार, हे मला कळलं नाही. आठवड्यात आईशी बोलताना मागं ठाकठुक ऐकू येऊ लागली. मी विचारलं, काय चाललंय. आई म्हणाली, चिरे बसवतायत. बाबांनी वाटणी मागितली होती. आयुष्यात थोरल्या भावापुढं मान वर न केलेल्या माणसानं पंचांसमोर बसून सांगितलं, माझा हिस्सा वेगळा करा. माजघराच्या मधोमध भिंत आली. तुळस पलीकडं गेली, म्हणून आईनं तेलाच्या डब्यात नवी लावली. चूल वेगळी झाली. ज्या घरात मी तेरा माणसांच्या पंगतीत जेवलेय, तिथं बाबा आणि आई दोघंच जेवायला बसू लागली, आणि भिंतीपलीकडून पंगतीचा आवाज येत राहिला. बाबांच्या वाट्याचे पैसे मला पोचले, कसेबसे लायसन्सपुरते.

मी कोरड्या मुलखात गेले. गाव खरंच टाकाऊ होतं. माशांचं नाव काढायची सोय नाही, पाव म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतला गोड स्पंज, उन्हात लोखंडी खाटेला हात लावायची हिंमत नाही. पण सकाळी इंजिन चालू केलं की पाच मिनिटांत मी हवेत असायची. उतरायची, पुन्हा उठायची, पुन्हा उतरायची. एका पहाटे मास्तर विमानातून उतरले, दार लावलं आणि हातानं 'जा' म्हणाले. मी एकटी उडाले, एकटी उतरले. खाली आल्यावर पोरांनी रिवाजाप्रमाणे अंगावर बादलीभर पाणी ओतलं. सगळे हसत होते, मीही हसले, आणि मनात म्हटलं, ह्या एका उतरण्यासाठी एक घर दुभंगलं.

लायसन्स मिळालं, पुढं नोकरीही लागली. आणि गावात माझं नाव पडलं घरफोडी. पायलट म्हणून कुणी ओळखेना, घरफोडी म्हणून मात्र पार मांद्र्यापर्यंत ख्याती. ज्यांनी देवाच्या तोंडून आपलं म्हणणं वदवलं ते धार्मिक, आणि मी घरफोडी. वा रे न्याय!

मागच्या चवथीला मी घरी आले. गणपती अर्थातच काकांच्या बाजूला, मूळ खोलीत. मी दर्शन घेऊन, कुणाशी न बोलता, मागच्या मागं आमच्या बाजूला आले. संध्याकाळी दारात बापूकाका उभे. सोबत त्यांची नात तन्वी, नुकतीच बारावी झालेली. भिंत बांधल्यापासून त्यांनी आमचा उंबरा बघितला नव्हता.

"तन्वीक पायलट होवचा आसा," ते म्हणाले. "खंयच्या विमानतळार घालूया?"

माझ्या कानावर माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, "मला काय विचारता? देवाला विचारा."

"विचारलंव."

"मग?"

काका जमिनीकडं बघत म्हणाले, "गुरवाक सांगलंय, विचार, सायलीक विचारूया काय म्हणान. उजवी पडली."

तन्वीनं तोंडावर ओढणी धरली. मला हसावं की भांडं फेकावं कळेना. मी म्हटलं, "सांगते. पण आधी बाबांना हाक मारा. इथून, ह्या उंबऱ्यावरून." काका बराच वेळ दाराची चौकट चाचपत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "रे धाकू!" माझ्या बाबांना ह्या नावानं हाक मारणारं जगात तेवढं एकच माणूस उरलंय.

बाबा परसातून हात पुसत आले. मला वाटलं, आता बोलतील. इतक्या वर्षांचं सगळं काढतील. बाबा म्हणाले, "भायर कित्याक रवलंस? च्या घेतलंस मां?" आणि खुर्ची पुढं ओढली. बस्स. एवढंच! मी जागच्या जागी पेटले. भिंत घातलेला माणूस चहा विचारतो, आणि राग सगळा माझ्याच वाट्याला?

तन्वीला मी सगळं सांगितलं. म्हटलं, जाहिरात बघू नको, इमारत बघू नको. दोन्ही ठिकाणी जा, कुंपणाबाहेर एक अख्खी सकाळ उभी राहा, आणि बघ, छोटी विमानं उडतायत की उभी आहेत. उभी दिसली तर परत फीर, मग देव काहीही म्हणो. तिनं मान हलवली. काकांनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "तुज्या त्या गावात मोठी विमानां येतत?" मी म्हटलं, दिवसाकाठी एखाददुसरं. त्यांचा चेहरा पडला. माणूस जिथल्या तिथं!

नोकरीच्या शहरात मी फार गुणी आहे. शेजाऱ्यांनी माझ्या जागेत गाडी लावली तर 'इट्स ओके' म्हणते. कुणी टाकून बोललं तर हेडफोन घालते. तिथं रागावण्याएवढं माझं कुणी नाही. पण पेडण्याचा लाल सडा खाली दिसायला लागला की माझ्या छातीत भांडणाची वाक्यं जमू लागतात, तीही आमच्या बोलीत, आणि खरं सांगते, मला बरं वाटतं. माझं घर आता तेवढंच आहे. एक भिंत, आणि तिच्या दोन्ही बाजूंना ज्यांच्यावर मी मनापासून चिडू शकते अशी माणसं.

तेव्हा बापूकाका, तन्वी हे तुम्हाला वाचून दाखवेल. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. बाबांनी केलं तो त्यांचा प्रश्न. ह्या चवथीला रजा मिळालीय, मी येतेय. तुमच्या बाजूच्या पंगतीत माझं पान मांडा. जेवेन पोटभर, आणि जेवता जेवता हे सगळं तुमच्या तोंडावर पुन्हा बोलेन.