आता आपण पाणी पिऊ

वयाच्या नव्वदीच्या सुमारास आई अंथरुणाला खिळली. तिचं सगळं करायला खडोलीहून येणाऱ्या बाई मूळच्या धुळ्याच्या. प्रत्येक गोष्ट आधी सांगून करत. “आजी, आता आपण कूस बदलू.” “आता आपण पाणी पिऊ.”

घरोघरी आजारी माणसं सांभाळणाऱ्या अशा बायांना प्रशासनानं कामगार मानावं, म्हणून अर्ज लिहून, बाईंना घेऊन मी सिल्वासातल्या कचेरीत गेलो. मी मास्तर. बोलणं माझा धंदा, ते थांबवणं हेडमास्तरांचा. भाषण आरशापुढे घोटलं होतं. साहेब “बोला” म्हणाले आणि माझी वाचाच बसली.

बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “गुरुजी, आता आपण पाणी पिऊ.” मी प्यालो. साहेबही प्याले.

मग बाईंनी अर्ज पुढे सरकवला. “आता आपण सही करू.”

साहेबांनी मुकाट्यानं पेन उघडलं.