अबुधाबीत नाही, उम्म अल कुवैनला आहे

पुण्याच्या शाळेत दोन्ही मुलांचे दाखले काढायला गेले तेव्हा क्लार्क म्हणाला होता, "मॅडम, तिकडची अॅडमिशन झालीय ना? एकदा नाव काढलं की इथली सीट गेली."

"होईल हो," मी म्हटलं.

कंपनीनं नवऱ्याला पंधरा दिवसांत अबुधाबीला पाठवलं होतं. त्याआधी तीन वर्षं ते मस्कतला एकटे राहिले होते. पुन्हा तसं राहायचं नाही, हे आमचं ठरलेलं. म्हणून महिन्याभरात मी मुलांना घेऊन मागोमाग निघाले.

पोचलो तेव्हा सप्टेंबर होता. तिथल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेलं. मुलगी सहावीची, मुलगा दुसरीचा. पहिल्याच शाळेत सांगितलं, सहावीला एक जागा आहे, दुसरीला नाही. दोघांना एकत्र घालावं म्हणून मी दुसरीकडे चौकशी केली. चार दिवसांनी परत गेले, तर ती एक जागाही भरलेली. त्या चार दिवसांबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

नवरा शहराबाहेर मुसफ्फ्याच्या कारखान्यांच्या भागात एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. नवी नोकरी, रजा मागायची सोय नव्हती. मीच मुलांना घेऊन टॅक्सीनं फिरायचे. ऑक्टोबर उजाडला. सकाळी खालच्या रस्त्यावर शाळेच्या बस यायच्या, तेव्हा मुलगी खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. मुलगा पाढे विसरायला लागला होता. त्याला बारा सत्ते आठवेना तेव्हा मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग आम्ही दोघंही रडलो.

एका शाळेत तिसऱ्यांदा गेले. तिथल्या सुपरवायझर मल्याळी बाई होत्या, साठीकडे झुकलेल्या, वाईट नव्हत्या.

"मॅडम, सीट नहीं है. मैं कहाँ से लाऊँ? एक क्लास में पहले से ही फुल बच्चे हैं."

"जमीन पर बैठेंगे," मी म्हटलं. "टेबल-कुर्सी नहीं चाहिए. आप बस अंदर बैठने दो."

"इन्स्पेक्शन होता है, मॅडम. अप्रैल में आइए."

मी उठलेच नाही. हात जोडले. त्यांनी मान खाली घालून कागद चाळायला सुरुवात केली. बाहेर दोन पालक थांबले होते, ते दारातून बघत होते. तेव्हा मुलीनं माझी ओढणी धरली आणि हळूच म्हणाली, "आई, प्लीज. लेट्स गो." तिचा चेहरा लालबुंद झाला होता. जिना उतरताना तिनं विचारलं, "आम्ही हुशार नाही का?" पुण्यात दर वर्षी पहिली येणारी मुलगी.

शेजारच्या फ्लॅटमध्ये वसईचं एक कॅथलिक कुटुंब होतं. त्यातला नवरा हॉटेलच्या ऑफिसात होता. त्याची बायको त्या संध्याकाळी आली आणि म्हणाली, "माझी नणंद उम्म अल कुवैनला असते. तिथल्या शाळेत दोन्ही वर्गांत जागा आहे म्हणते. पण लांब आहे गं, दुबईच्याही पुढे. तीन तास धर."

तिकडे सुट्टी शुक्रवारची, त्या दिवशी शाळाही बंद, म्हणून नवऱ्यानं कशीबशी एक दिवसाची रजा काढली आणि आम्ही चौघं उम्म अल कुवैनला गेलो. समुद्राकाठचं शांत गाव, बुटकी घरं. शाळेत मुलीनं परीक्षेचा पेपर वेळेआधीच दिला. मुलगा मात्र पेन्सिल हातात घेऊन नुसता बसला. एक अक्षर लिहीना. प्रिन्सिपल त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसले, म्हणाले, "डू यू लाइक स्कूल?" तो म्हणाला, "यस सर. बट दे डोन्ट लाइक मी."

प्रिन्सिपलनी पेपर उचलून बाजूला ठेवला आणि दोघांचे फॉर्म मागवले.

बाहेर ऊन रणरणत होतं. नवरा भिंतीच्या सावलीला उभा राहिला. रोज इथून मुसफ्फा शक्य नव्हतं, हे बोलायचीही गरज नव्हती.

"अहो, एप्रिलपर्यंत घरी बसवू का मुलांना?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "तुम्ही इथे राहा. मी कंपनीच्या खोलीत राहतो. गुरुवारी येत जाईन."

"मग मस्कत काय वाईट होतं?"

ते फी भरायला आत गेले.

पुढच्या एप्रिलमध्ये अबुधाबीत मुलाला जागा मिळाली, मुलीला नाही. दोघांना दोन गावांत ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून ती जागा आम्ही सोडली. त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये दोघांना मिळाली. दीड वर्ष नवरा गुरुवारी दुपारी दोन टॅक्सी बदलून यायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी जायचा.

अबुधाबीत चौघं पुन्हा एकत्र राहायला लागलो, त्याचा पहिला आठवडा होता. शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. मुलानं दार उघडलं आणि आत वळून घाबऱ्या आवाजात ओरडला, "आई, बाबा मिस्ड हिज टॅक्सी!"

कामावरून आलेला नवरा उंबऱ्यातच थांबला होता, जेवणाचा रिकामा डबा हातात. मी पुढे होऊन तो घेतला आणि म्हटलं, "या ना आत." म्हटल्यावर लक्षात आलं, मीही पाहुण्यालाच बोलावल्यासारखं बोलले होते.