पडद्यावरचा जांभळा डाग

भूतबाधा, करणी वगैरे मी कधीच मानलं नाही, आजही मानत नाही. मानपाड्याच्या एका कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्शनला होतो. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही सवय. जे मोजलं तेच लिहितोय.

१९९६ चा उन्हाळा. डोंबिवली पूर्वेला आमच्या दोन खोल्या, दुसरा मजला. ऑफिसने काढून टाकलेला चौदा इंची कलर मॉनिटर मी घरी आणला होता. एक दिवस त्याच्या उजव्या कडेला जांभळा डाग दिसला. पट्टी लावली — दीड इंच.

दुरुस्तीवाल्या म्हात्रेने एक मोठी गोल कॉइल पडद्यासमोर फिरवली. डाग गेला. "जवळ चुंबक असला की होतं काका. स्पीकर लांब ठेवा."

आमच्याकडे स्पीकर नव्हताच. तासाभरात डाग परत… दोन इंच.

त्याने मॉनिटर दुकानात नेला. तिथे तीन दिवस पडदा स्वच्छ. घरी आणून लावला, की डाग. "पीस ओके आहे, लोच्या तुमच्या घरात आहे," म्हात्रे हसला.

मग आम्ही पंखा, स्टॅबिलायझर बंद केले, लोखंडी कपाट सरकवलं. फरक नाही. टेबल उलटं फिरवलं, तर डाग डाव्या कडेला गेला. म्हणजे खोलीतल्या एकाच जागेकडे तो ओढला जात होता. त्या जागी, खाटेवर, माझी नऊ वर्षांची मुलगी मनू चित्र रंगवत बसली होती.

"मनू, पाणी आण गं जरा," म्हात्रे म्हणाला.

स्वयंपाकघर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, सहा पावलांवर. ती चालत गेली आणि डाग काचेवरून सरकत तिच्याबरोबर गेला. ती आली, तोही आला.

म्हात्रेने तिच्या केसांतल्या पिना, कानातलं, सगळं काढायला लावलं. डाग तसाच. तिने पुढे केलेलं पाणी त्याने घेतलं नाही. हळूच मला म्हणाला, "काका… मॉनिटरला काय झालेलं नाय. पोरीला दाखवा."

एक्स-रे झाले, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "मुलगी ठणठणीत आहे. तुम्ही नीट झोपता ना?"

"अहो, तिला दादाकडे पाठवूया," बायको रडत म्हणाली. मनू कल्याणला मामाकडे गेली. ती घराबाहेर पडताच पडदा स्वच्छ झाला. दर तासाला पाहिलं… काही नाही. संध्याकाळी मामाचा फोन आला.

"भावोजी, तुमची लेक टीव्हीला काय चिकटवते हो? एक बाजू जांभळी झालीय."

"मनू कुठे बसलीय?"

"त्याच बाजूला. का हो?"

दुसऱ्या दिवशी तिला घरी आणलं.

पुढे दोन वर्षं दर रविवारी, ती खाटेवर असताना, मी डाग मोजला. शेवटचं माप साडेपाच इंच. मग मॉनिटरची ट्यूब गेली. म्हात्रेने उघडायलाही नकार दिला. बाकीचे दुरुस्तीवाले म्हणाले, आता याचा पार्ट मिळत नाही.

मनू आता नोकरी करते, तब्येत उत्तम. तिला हे आम्ही कधी सांगितलं नाही. डाग कसला होता, आजही ठाऊक नाही. घरात आता सपाट पडदे आहेत. त्यांच्यावर असले डाग उमटतच नाहीत म्हणे. म्हणजे तो गेलाय, की वाढतोय आणि नुसता दिसत नाही… हे मोजायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.