पाठ केलेला तक्ता

अंकुशनगरच्या साखर कारखान्यात उसाच्या गाड्या जिथं वजनाला लागतात, त्या काट्यावर काकासाहेब नोकरीला आहेत. त्यांची थोरली लेक दैवशाला. आज ती तेवीस वर्षांची आहे, आणि वसाहतीत तुम्ही कुणालाही ‘पायलटचं घर कोणतं’ असं विचारलंत तर तो बोट करून दाखवील. पोरीनं अजून विमान चालवलेलं नाही आणि चालवणारही नाही. पण नाव पडलं ते पडलं. ते कसं पडलं हे सांगायचं तर पंधरा वर्षं मागं जावं लागेल.

दैवशाला तेव्हा तिसरीत होती. झेडपीच्या शाळेत डोळे तपासणीचं शिबिर यायचं होतं आणि अक्षरांचा तक्ता आदल्या दिवशीच शाळेत येऊन पडला होता. वर्गशिक्षक वामन गुरुजी. मूळचे राजूरचे, पण उभी नोकरी इकडंच काढलेली. शाळेवर असा जीव की फळा पुसायचं फडकंसुद्धा घरून धुऊन आणायचे. त्यांनी तक्ता उलगडून बघितला. सगळी अक्षरं इंग्रजी! अर्ध्या वर्गाला एबीसीडी धड येत नव्हती. उद्या शहरातला डॉक्टर येणार, पोराला अक्षर ओळखता येणार नाही, आणि डॉक्टर ‘याला दिसत नाही’ असं लिहून मोकळा होणार. आपल्या लेकरांना कुणी असं उगाच आंधळं ठरवावं, हे गुरुजींना सोसण्यासारखं नव्हतं.

मग त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. तक्ता फळ्याशेजारी टांगला, हातात छडी घेतली आणि दुपारभर वर्गाकडून तो घोकून घेतला. “ई! एफ पी! टी ओ झेड! एल पी ई डी!” पाढ्यांच्या चालीवर अख्खी तिसरी ओरडत होती. शेजारच्या चौथीलाही ऐकून ऐकून पाठ झाला. संध्याकाळी घरी जाताना गुरुजींचा चेहरा कसा समाधानानं फुलला होता म्हणता!

दुसऱ्या दिवशी तो वर्ग डोळे तपासून घ्यायला नव्हे, परीक्षेलाच बसला. दैवशाला वर्गात हुशार. डावा डोळा झाकून ती शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड गेली. मग उजवा झाकायची पाळी आली. तक्त्याच्या जागी तिला पांढरं, धुकट असं काहीतरी दिसलं. तिला वाटलं, एक डोळा झाकला म्हणजे कमी दिसणारच की, सगळ्यांनाच असं दिसत असेल. आणि प्रश्न दिसण्याचा होता कुठं? तिनं डोळ्यापुढच्या धुक्याकडं बघत खालच्या बारीक ओळीसुद्धा म्हणून दाखवल्या.

शिबिराचा डॉक्टर तरुण होता, हौशी होता. “दोन्ही डोळ्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत! गुरुजी, ही पोरगी विमान चालवेल बघा,” तो म्हणाला. गुरुजींनी भरल्या वर्गात “शाब्बास!” म्हणून तिची पाठ थोपटली आणि खिशाचा लाल पेन काढून तिला बक्षीस दिला. झालं! त्या दिवसापासून दैवशाला पायलट.

लहानपणची अशी बोलणी इतर पोरं विसरतात. ही विसरली नाही. कारखान्याच्या चिमणीवरून विमान गेलं की ते दिसेनासं होईपर्यंत मान वर करून उभी राहायची. पुढं वेगवेगळ्या विमानांची माहिती वहीत उतरवू लागली, ढगांची नावं शिकली, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्रात नव्वदच्या वर गेली. काकासाहेब काट्यावर येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना सांगायचे, “आमची दैवशाला विमानाचा अभ्यास करून राह्यली.” ट्रॅक्टरवाले मान डोलवायचे, आणि वजनात कुणी घासाघीस करत नसे.

डोळा मात्र आपल्या परीनं सांगत होता. डाव्या अंगाची दाराची चौकट तिला हमखास लागायची. चहा ओतताना धार कपाच्या कडेवर पडायची. सुईत दोरा तर कधी गेलाच नाही. तिची आई दुर्गाबाई वैतागायची, “डोळे कुठं ठेवून आल्तीस गं? जरा बघून चाल की!” धसमुसळी पोरगी, एवढाच अर्थ घरानं काढला. शाळेच्या दप्तरात तिच्या नजरेला पहिला नंबर होता, मग डोळ्यांवर शंका घेणार कोण?

बारावीनंतर वैमानिकाच्या प्रशिक्षणाला अर्ज करायचा तर आधी वैद्यकीय तपासणी पार करावी लागते. त्याआधी आपलं एकदा दाखवून घ्यावं म्हणून बापलेक जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले. तिथं भिंतीवर तक्ता नव्हता. पडद्यावर अक्षरं यायची आणि डॉक्टर बटण दाबून ती बदलायचे. उजवा डोळा ठणठणीत निघाला. डाव्याला वरची दोनच अक्षरं दिसली. भिंगं बदलून बदलून बघितली, फरक पडला नाही.

“याला आळशी डोळा म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. “डोळ्यात रोग नाही. लहानपणी त्याला चष्म्याचा मोठा नंबर असणार. धूसर दिसतं म्हणून मेंदूनं त्याच्याकडून काम घेणंच सोडलं. त्या वयात चष्मा देऊन चांगल्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी बांधली असती, तर बराच सुधारला असता. आता एकोणिसाव्या वर्षी अवघड आहे. शाळेत कधी तपासणी झाली नव्हती का?”

“झाल्ती,” दैवशाला म्हणाली. “तिसरीत. पहिला नंबर आल्ता माझा.”

डॉक्टरांना ती थट्टा वाटली. “डोळ्यांच्या तपासणीत नंबर?” ते हसले. दैवशाला हसली नाही. खुर्चीत बसल्या बसल्या तिच्या मनात ती चाल आपोआप सुरू झाली होती. ई, एफ पी, टी ओ झेड. एकही अक्षर चुकलं नाही. ती चाल थांबेपर्यंत तिला सगळं कळलं होतं. ज्या तपासणीनं तिला विमान दाखवलं, त्याच तपासणीत ते हातचं गेलं होतं.

काकासाहेबांना परतीच्या एसटीत नीटसं उमगलं नव्हतं. “मंग चष्म्यानं बराबर होईल ना?” त्यांनी दोनदा विचारलं. तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं.

संभाजीनगरला नोकरीला असलेला मावसभाऊ राधेश्याम धावून आला. जीव लावणारा माणूस, पण त्याच्या डोक्यात प्रत्येक कुलपाची किल्ली. “घाबरू नको, ताई. ज्या दवाखान्यात तुझी तपासणी हाये न्, तिथं मी जाऊन बघून आल्तो. भिंतीवरच तक्ता टांगलेलाय, जुनाच, ई एफ पी वाला. पाठ करून जा. बिलकुल कुणाला कळायचं न्हाई.”

“पाठ करायची काय गरज?” दैवशाला म्हणाली. तो तक्ता तिला अकरा वर्षं झोपेतून उठवलं तरी येत होता.

ती तपासणीला गेली ती खरं तर तक्ता म्हणायचं ठरवूनच. उगाच तिला देवी करायला नको. स्वप्न हातातून सुटताना माणूस काय वाट्टेल ते करायला तयार होतं, आणि ती तर एकोणीस वर्षांची होती. तिथल्या डॉक्टरांनी तिचा उजवा डोळा झाकला. समोर तेच पांढरं धुकं. ती “ई” म्हणाली. “एफ पी” म्हणाली. तिसरी ओळ जिभेवर आली होती. पुढच्या तपासण्यांत हे निभावलं असतं का, कोण जाणे. पण त्या क्षणी तिच्या डोळ्यापुढं कपाच्या कडेवर पडणारी चहाची धार आली. आपल्याला कडा कळत नाहीत, आणि आपण धावपट्टीची कडा ओळखायला निघालो आहोत. मागं दीडशे माणसं पट्टे बांधून बसलेली.

“पुढं?” डॉक्टरांनी विचारलं.

“दिसत नाही, सर.”

“नीट बघा.”

“नीट बघितलं. दिसत नाही.”

कागदावर ‘अपात्र’ असं आलं. अपील केलं, पुन्हा तपासणी झाली, पुन्हा तेच. मग दैवशालेला राग आला, आणि तो सगळा एकाच माणसावर जाऊन बसला. निवृत्त झाल्यावर वामन गुरुजी राजूरला जाऊन राहिले होते. तिनं तो जुना लाल पेन पर्समध्ये टाकला आणि एसटी धरली. पेन त्यांच्यापुढं ठेवायचा आणि म्हणायचं, ‘गुरुजी, तुमच्या शाब्बासकीनं माझा डोळा घालवला.’ वाक्य तिनं वाटेत चार वेळा म्हणून बघितलं.

गुरुजींचं घर गणपतीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला, नारळ-पेढ्यांच्या दुकानांमागं. तिला बघून म्हातारा अक्षरशः उडाला. “सुहासिनी, अगं बघ कोण आलंय! आमची पायलट!” बायकोला चहा ठेवायला सांगून ते तिच्यासमोर बसले आणि विमान कधी उडवणार, राजूरवरून नेणार का, असे प्रश्न विचारू लागले. तिला वाक्य काढायला जागाच मिळेना.

तेवढ्यात तिचं लक्ष कोपऱ्यात गेलं. गुरुजींची नात, गंधाली, पहिलीतली, चित्रांचं पुस्तक घेऊन बसली होती. मान एका बाजूला कलती, पुस्तक एका डोळ्याजवळ धरलेलं. “असं वाकडं बघायची खोडच लागलीये तिला,” चहा देत सुहासिनीबाई म्हणाल्या. “पण डोळे चांगले आहेत हो. पुस्तक घडाघडा वाचते.”

“ते पुस्तक पाठ असेल तिला,” दैवशाला म्हणाली, आणि कप तसाच ठेवून उठली.

तिनं गंधालीला मांडीवर घेतलं आणि खेळ म्हणून तिचा डावा डोळा तळव्यानं झाकला. पोर खुशाल चित्रं सांगत राहिली. मग उजवा झाकला. पोरीनं तो हात ढकलून दिला. पुन्हा झाकला, पुन्हा ढकलला, आणि तिसऱ्यांदा रडायलाच लागली. दैवशालेला कळलं, हिचाही डावा डोळा आळशी आहे. सांगावं तर लागणारच होतं, आणि हे तुला कसं कळतं असं गुरुजी विचारणारच होते.

तिनं सगळं सांगितलं. तक्ता, धुकं, जालन्याचा डॉक्टर, अपात्र. ठरवलेलं वाक्य मात्र त्यात आलं नाही. समोर बसलेल्या माणसानं कप खाली ठेवून गंधालीला जवळ ओढलं होतं. त्यांचा राग यायचा थांबला नव्हता आणि त्यांच्याकडं बघवतही नव्हतं.

“मला वाटलं, इंग्रजी येत नाही म्हणून तुम्हाला आंधळं ठरवतील,” गुरुजी म्हणाले. “मी तुम्हाला वाचवायला गेलो होतो गं.”

“माहितीये, गुरुजी.”

“चौतीस होता तुम्ही,” ते म्हणाले, आणि हजेरीच्या क्रमानं एकेक नाव पुटपुटू लागले. प्रत्येक नावापाशी थांबायचे, त्या पोराचा चेहरा आठवत असल्यासारखे. सुहासिनीबाईंनी पदर डोळ्याला लावला. दैवशाला परत निघाली तेव्हा पेन पर्समध्येच होता.

गंधालीला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडं नेलं. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. चष्मा लागला आणि चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी.

दैवशालेनं वर्षभर स्वतःला कोंडून घेतलं असं मी लिहिणार नाही, कारण तिनं ते केलं नाही. रडली खूप, हे खरं. मग पदवी पुरी करता करता तिनं शोधून काढलं की प्रत्येक उड्डाणाआधी हवामान, इंधन आणि वाट यांचा आराखडा जमिनीवर बसून कुणीतरी करतं, आणि त्यावर वैमानिकाच्या बरोबरीनं सही असते. गेल्या महिन्यात तिला त्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. विमान चालवण्याची सर त्याला नाही, हे ती स्वतःच सांगते. अजून आवाज आला की मान वर जाते.

मुंबईला जायच्या आदल्या आठवड्यात ती राजूरला गेली. गुरुजी खाली मान घालून पुठ्ठ्यावर अक्षरं काढत होते, मोठ्यापासून बारीकपर्यंत.

“रोज नवा तक्ता काढतात,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “तिला पाठ होऊ नये म्हणून.” भिंतीला जुन्या पुठ्ठ्यांची उंच चवड लागली होती.

आता पाचवीत गेलेली गंधाली पट्टी बांधून दारात उभी राहिली. गुरुजींनी समोरच्या भिंतीपाशी पुठ्ठा धरला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी, चौथी. सुरुवातीला एकच दिसायची, म्हणे. पाचवीशी ती अडखळली. डोळा बारीक केला, मान कलती करून बघितली, मग सरळ केली.

“नाही दिसत, आजोबा.”

“शाब्बास!” गुरुजी म्हणाले. त्यांचा हात सवयीनं खिशाकडं गेला. खिसा रिकामा होता. दैवशालेनं पर्स उघडली, शाई कधीच वाळलेला तो लाल पेन काढला आणि गंधालीच्या हातात दिला.