माझ्या बाटलीतला तिचा वास

"माले बठ्ठं चालस," असं म्हणत ती मनगट पुढं करायची. समोरच्याच्या हातात काय आहे, हे बघायच्या आधीच. मेंदी असो, बांगडी असो, कुणाच्या तरी आईने घरी केलेलं आवळ्याचं तेल असो. आणि माझं दुर्दैव असं, की तिला खरंच बठ्ठं, म्हणजे सगळंच, चालायचं. नुसतं चालायचं नाही, शोभायचं.

तुमच्याही वर्गात अशी एकजण असणार. नसेल, तर मग ती तुम्हीच असाल, आणि माझं पुढचं रडगाणं तुम्हाला कळायचं नाही.

ती चोपड्याहून जळगावला मामांकडे शिकायला आली होती. मामांचं घर आमच्याच गल्लीत, अगदी समोर. अकरावीला आम्ही एका वर्गात. तिचं बोलणं पक्कं गावाकडचं. सुरुवातीला आम्ही शहरातल्या मुली तोंडावर ओढणी धरून हसलो, आणि दिवाळी यायच्या आत आमच्याच तोंडात तिचे शब्द बसले.

त्याच वर्षी माझ्या काकांनी सुरतहून मला सेंटची बाटली आणली. हिरवट काचेची, बोटाएवढी. वर एका फुलाचं चित्र होतं, ते कुठलं फूल हे घरात कुणालाच सांगता आलं नाही. तोवर माझ्याकडचं सगळं मोठ्या बहिणीचं उतरलेलं असायचं. ही पहिली वस्तू फक्त माझी. मी मनगटांना, मानेला, वेणीला, जिथं लावता येईल तिथं ते लावून कॉलेजला गेले. दिवसभरात कुणी विचारलं नाही. एक मैत्रीण तेवढी म्हणाली, "आज वर्ग फिनेलने पुसलाय का गं?"

दुसऱ्या दिवशी निघताना फाटकाशी तिचं मनगट पुढं आलं. मी एक थेंब दिला, तोही जिवावर येऊन. पहिल्याच तासाला मॅडम तिच्या बाकापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "काय सुरेख वास येतोय. तू लावलंयस का?"

"सेंट हिचं आहे, मॅडम," तिने लगेच माझ्याकडे बोट दाखवलं.

हे ती पुढंही प्रत्येकाला सांगायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, किती मोठ्या मनाची मुलगी. म्हणजे त्यातही कौतुक तिचंच. तिने एकदा तरी खोटं बोलायला हवं होतं, निदान मला तिच्याशी कडाकडा भांडता आलं असतं.

मग तिच्या मामांनीही तीच बाटली मागवून दिली, आणि गल्लीभर तो वास तिच्या नावाने ओळखला जाऊ लागला. एकदा मी थोडंसं लावून घरात शिरले, तर आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "ती आलीय का गं? थांबव तिला, कळण्याची भाकरी टाकते." माझी सख्खी आई. मी बाटली कपाटामागे सारली आणि पुन्हा लावली नाही.

लग्न होऊन मी धुळ्याला आले, ती जळगावातच राहिली. लग्नकार्यात भेट व्हायची. आधी वास पोचायचा, मग ती. कुठून कुठून ती बाटली मिळवत राहायची कोण जाणे. गळ्यात पडून विचारायची, "तू का नाही लावत आता?" मी सांगायचे, मला ॲलर्जी आहे. ॲलर्जी होतीच, फक्त ती सेंटची नव्हती.

यंदाच्या थंडीत आग्रा रोडवर बांगड्या घ्यायला गेले होते. दुकानदाराच्या काचेच्या कपाटात ती बाटली दिसली. काच आता पांढरी, फूल तेच, अजूनही न ओळखता येणारं. घरी येऊन मनगटाला लावलं, तर वास संध्याकाळपर्यंत टिकला. पन्नाशीत माझ्या कातडीला अक्कल आली म्हणायची. शेजारीण म्हणाली, "ताई, काय लावलंय हो? छान आहे." मला दिवसभर जेवण गेलं नाही, इतका आनंद. मग रोज लावायला लागले, साडीला, शालीला. ठरवून टाकलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जळगावला जायचं आणि तिच्या नाकासमोर मनगट धरायचं. बघू दे तिला, वास मुळात कुणाचा होता ते.

संक्रांतीच्या आधीच फोन आला. साधा ताप म्हणता म्हणता ती गेली होती.

मी एसटीने दारावर बसायला, सांत्वनाला निघाले. आमच्याकडे दिवसकार्य उरकून गंधमुक्ती होईपर्यंत त्या घरात तेल नाही, गंध नाही; भेटायला जाणाऱ्या बायकाही साध्या साडीत जातात, पावडरसुद्धा लावत नाहीत. मी सगळं पाळलं होतं. पण एरंडोलच्या पुढे खिडकीतून ऊन आलं, खांद्यावरची शाल तापली आणि घमघमाट सुटला. शाल पिशवीत कोंबली, तरी ब्लाउजला वास होताच.

बायका सतरंजीवर बसल्या होत्या. मी टेकते न टेकते तोच तिच्या म्हाताऱ्या सासूने नाक वर केलं. "अत्तर लाईसन कोन उनी वं?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून तिची लेक आली. कॉलेजात जाणारी पोर. आई गेल्यापासून ती रडलीच नाही, अशी बायकांची कुजबुज मी दारातच ऐकली होती. ती सरळ माझ्यापाशी येऊन बसली, माझ्या खांद्यात नाक खुपसलं आणि हमसून हमसून रडायला लागली.

खरं सांगते, मला तेव्हाही तिच्या आईचा हेवाच वाटला. माझी पोरं पुण्यात असतात. उद्या मी गेले, तर ती कशाला नाक लावून रडतील? लसणाच्या फोडणीला?

बऱ्याच वेळाने पोरीने डोळे पुसले. "मावशी, तुम्ही पण हेच लावता? आईचं बघून?"

उत्तर माझ्याकडे अकरावीपासून तयार होतं. बाटली माझी, काका माझे, पहिला थेंब मी दिलेला. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि आता ते माझ्याआधी सांगून कौतुक पळवायला ती नव्हती.

"हो गं," मी म्हणाले. "तिचंच बघून."

तिने पुन्हा खांद्यावर डोकं ठेवलं. पोर माझ्या अंगावर तिच्या आईला हुंगत राहिली, आणि खांदा अवघडून आला तरी मी हलले नाही.