सुलतानचे दोन तास

औरंगाबादच्या छावणीत मी नाईक होतो, घोड्यांच्या लाइनीवर. मूळचा गंगापूरचा. पहाटे साडेपाचला फॉल-इन, मग मालिश, पाणी, चंदी. वीस घोड्या आणि त्यांच्यासाठी एकच वळू घोडा, सुलतान. त्याची निगा राखणारा सईस शफी, दौलताबादचा. घोड्यापुढं त्याला स्वतःची भाकर सुचायची नाही.

एप्रिलातली सकाळ. सहाला सुलतान टापा आपटू लागला. घामानं डबडबलेला, वळून वळून कुशीकडं बघत होता. आमची लाइनीची रीत ठरलेली : पोटशूळ दिसला की आधी फिरवा, मग रिपोर्ट करा. मी तशी ऑर्डर दिली.

शफी म्हणाला, "नाईकसाब, पोट नाय हे. खाली हात लावून बघा. डावं अंड वर वढलंय, गार पडलंय."

"तू डॉक्टर हायेस व्हय रे? फिरव गप!"

आठला घोड्यांचे डॉक्टर, कॅप्टनसाहेब आले. खाली हात घातला आणि माझ्याकडं वळले.

"किती वेळ झाला?"

"दोन तास, सर."

"अरे, अंडाची दोरी पिळलीय याची! दोन तास रक्त बंद आहे!"

आमच्या गावात बैल बडवतात म्हणजे दुसरं काय करतात? अंडाच्या शिराच चेंगरतात. रक्त तुटलं की अंड सुकतं, बैल खच्ची. पोरवयापासून बघितलेलं हे. दंडावर फीत चढली आणि अक्कल गहाण पडली माझी.

साडेआठला क्लोरोफॉर्म दिला. शफीनं डोकं धरलं. चिरलं तर अंड काळंठिक्कर, जांभळासारखं. काढावंच लागलं.

साहेब म्हणाले, "एकावरही भागतं. पण सूज चढली, तर तिच्या उष्णतेनं दुसरंही निकामी होईल. नवं बीज तयार व्हायला दोन महिने लागतात. तेव्हा तपासू. नापास झाला तर कास्ट."

कास्ट म्हणजे नाव कमी आणि बंदुकीची गोळी.

दुपारी चौकशी. साहेबांनी विचारलं, "उशीर कुणामुळं?"

मी तोंड उघडायच्या आत शफी बोलला, "माझ्यामुळं, साहेब. मी येळेवर सांगितलं नाय."

सात दिवस क्वार्टर गार्डची कोठडी झाली त्याला. मी सावधानमध्ये उभा, तोंड शिवल्यागत. लई लाज वाटते आजही. ते सात दिवस सुलतानवर गार पाण्याची धार मी धरली, दिवसातून चारदा. सुटल्यावर शफीनं पाइप माझ्या हातातून काढून घेतला.

दोन महिन्यांनी तपासणी. साहेब मायक्रोस्कोपवर बराच वेळ वाकलेले. बाहेर शफी दुवा पुटपुटत होता.

"शुक्रजंतू कमी आहेत. पण जिवंत आहेत, पळतायत."

शफी सुलतानच्या गळ्यात पडून हमसून रडला. त्या हंगामात चार घोड्या गाभण राहिल्या.

पुढं लढाई लागली. शफी खेचरांच्या तुकडीबरोबर पहाडात गेला. दारूगोळा वर नेताना तोफेचा गोळा पडला. दोन खेचरं गेली आणि शफी गेला.

रजेवर मी दौलताबादला त्याच्या घरी गेलो. त्याच्या अब्बांना सगळं सांगितलं. चूक माझी, शिक्षा त्यानं भोगली.

म्हातारा म्हणाला, "मालूम हाय. लिवलं होतं त्यानं. नाईकसाबला लेकरं हायेत, फीत गेली असती, म्हनला."

शफीच्या सर्व्हिस शीटवर ती शिक्षा अजून तशीच आहे. त्याची चूक नव्हती. हे मी तेव्हा बोललो नाही, म्हणून आता लिहून ठेवतोय.