समोर बसवून

हात धुतले की काका ते टॉवेलला पुसायचे नाहीत, झटकून वाळवायचे. नाहीतर धागे कामात येतात. चहा तोंडाला लावण्याआधी त्याचा रंग बघायचे. बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे जायची, मग परत पहिल्याकडे. चष्मा पुसायचे तो फक्त स्वतःचं काम तपासण्याआधी.

काका कृत्रिम डोळे रंगवायचे. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत, खिडकीशी. समोर माणूस बसवायचा आणि त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत बटणाएवढ्या चकतीवर बुबुळ रंगवायचं. डोळा तयार झाला की आठवडाभर डबीत. मग तो काढून काका चिठ्ठी लिहायचे. आधी काय जमलं ते. मग एकच चूक, आणि ती कशी सुधारायची ते.

वरच्या मजल्यावरची मुलगी साहित्यात पदवी घेऊन गोष्टी लिहायची आणि फाडायची. काका तिला कविराज म्हणायचे. तिनं जन्मात कविता लिहिली नव्हती.

"सगळंच भिकार झालंय," ती एकदा म्हणाली.

"सगळंच? मग तू नीट वाचलंच नाहीस. ब्रश कुठे लावू ते सांग. जागा दाखव."

"दहा जागा असल्या तर?"

"एक धर. बाकीच्या नऊ कुठे पळून जातात?"

कोपऱ्यात भाजी निवडणारी ताई हसली. काकांची ही मोठी बहीण. तिचा डावा डोळा काकांनीच केलेला. तीस वर्षांत चारदा बदलला, उजव्याशी एकदाही जुळला नाही. त्या चिठ्ठ्यांत दोष कधी उजेडाचा, कधी रंगाच्या बाटलीचा. घरातल्या प्रत्येक फोटोत ताई एका बाजूला वळलेली.

"जगाचे डोळे जुळतात, घरचा तेवढा जुळत नाही," ताई म्हणाली. "एक फोटो मला समोर बघून काढायचाय रे, बाळ्या."

"पाचवा होतोय ना."

"मला बसवणार कधी?"

"तुला कशाला बसवू? तुझा डोळा मला पाठ आहे."

काका सोमवारी दुपारी गेले. बसल्या जागी. मुलगी खाली आली तेव्हा चहा कपात तसाच होता, गार.

दोन आठवड्यांनी ताईनं तिला खोली आवरायला बोलावलं. टेबलावर डबी होती. डबीत पाचवा डोळा, त्याखाली चिठ्ठी. अक्षर नेहमीसारखं, सावकाश.

मुलीनं मोठ्यानं वाचली. "जमलं: आकार, चमक, पांढऱ्यावरच्या बारीक शिरा. चूक: बुबुळाचा रंग. हा ताईचा चाळिशीतला डोळा आहे. आताचा फिकटलाय, कडेला राखाडी झाक आहे. ती आज दारात उभी होती तेव्हा दिसलं. इतकी वर्षं तिच्याकडे न बघताच रंगवत आलो. उद्या समोर बसवणे."

मुलगी चिठ्ठीची घडी घालू लागली.

"जमलं ते परत वाच," ताई म्हणाली.

तिनं वाचलं.

खिडकीशी दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या होत्या. गिऱ्हाईक नसलं की दुसरी भिंतीला टेकून असायची, हे दोघींच्याही आत्ता लक्षात आलं. ताई जाऊन एकीवर बसली. उजेडाकडे तोंड करून, मान न वळवता.

दुसरीपुढच्या फळीवर एक कोरी चकती होती. मधोमध डोळ्याच्या बाहुलीचा काळा ठिपका. बाकी सगळी पांढरी.